टर्बो पेट्रोल गाडीचा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह : ओळख, तपासणी आणि बदल

ओंकारेश्वरहून इंदूरला परत येताना भेरूघाट चढत होतो. पुढे ट्रक, मागे ट्रक. जरा जागा मिळाली की ॲक्सिलरेटर दाबायचा, वळण आलं की सोडायचा. पाय उचलला की दर वेळी बॉनेटखालून आवाज यायचा, कबुतराने पंख फडफडवावेत तसा. फर्र-फर्र-फर्र. मागच्या सीटवर बसलेल्या आईनेही विचारलं, "काय वाजतंय रे?" वर सिमरोलला पोचेपर्यंत गाडीचा पिकअपही बसला होता. इंदुरात सिग्नलला उभं राहिलं की आयडल, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता चालणाऱ्या इंजिनाचा वेग, वरखाली व्हायचा.

त्यानंतर मी सगळं उलट्या क्रमाने केलं. एका ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलो. त्यांनी "ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह गेला" (पाय उचलला की टर्बोची कोंडलेली हवा सोडणारी झडप) असं सांगितलं आणि हवा बाहेर सोडणारा, मोठा आवाज करणारा नवीन व्हॉल्व्ह बसवून दिला. नऊ हजार रुपये गेले. आठवडाभरात गाडी पलासियाच्या सिग्नलला दोनदा बंद पडली, ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून काळा धूर येऊ लागला. शेवटी आमच्या ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रीकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी कोणतंही यंत्र लावलं नाही. पेन्सिलीएवढी एक रबरी नळी काढली, बोटावर वाकवली आणि मला दाखवली. वाकवल्याबरोबर तिच्यावर चीर उघडली. "भिया, व्हॉल्व्ह तो ठीक था. पाइप फटा था."

दीडशे रुपयांची नळी होती ती.

गेल्या गणपतीत आमच्या कॉलनीतल्या तिघांनी मला याच व्हॉल्व्हबद्दल विचारलं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम आल्यावर लहान डीझेल गाड्या कमी झाल्या. आता नेक्सॉन, व्हेन्यू, फ्रॉन्क्स, टायगन अशा टर्बो पेट्रोल गाड्या गल्लोगल्ली दिसतात, आणि त्यातले बरेच मालक टर्बो पहिल्यांदाच वापरतात. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. इथल्या क्रमानेच जा. आधी समजून घ्या, मग तपासा, आणि खरेदीचा विचार सगळ्यात शेवटी करा.

१. हवेचा रस्ता समजून घ्या

टर्बोमध्ये एकाच दांड्यावर दोन चाकं असतात. एक इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूने फिरतं. दुसरं त्याच दांड्यावर असल्यामुळे सोबत फिरतं, आणि बाहेरची हवा ओढून दाबतं. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं, आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे. लहान पेट्रोल गाडीच्या टर्बोचा दांडा जोरात असताना मिनिटाला लाखाहून कितीतरी जास्त फेऱ्या मारतो.

हवेचा प्रवास असा होतो: एअर फिल्टर, टर्बो, इंटरकूलर (दाबून तापलेली हवा थंड करणारी जाळी), मग थ्रॉटल, मग इनटेक मॅनिफोल्ड (हवा सिलिंडरांत वाटून देणारा पाइप) आणि शेवटी सिलिंडर. थ्रॉटल म्हणजे नळाची चकती समजा. ॲक्सिलरेटर दाबला की ती उघडते, सोडला की बंद होते.

आता एक ढोबळ हिशेब करू. एक लिटरचं इंजिन मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर आहे आणि टर्बो बाहेरच्या हवेपेक्षा एक बार (साधारण एका वातावरणाएवढा) जास्त दाब देतो आहे. अशा वेळी ते दर सेकंदाला बाहेरची सत्तर-ऐंशी लिटर हवा आत घेतं. आंघोळीच्या वीस लिटरच्या बादल्या धरल्या तर सेकंदाला जवळजवळ चार बादल्या. आणि गिअर बदलण्यासाठी तुम्ही पाय उचलता. थ्रॉटलची चकती क्षणात बंद होते. पण टर्बोला ते कळत नाही. तो त्याच वेगात फिरतो आहे, हवा ढकलतो आहे, आणि पुढचा दरवाजा लागलेला आहे.

इंटरकूलर आणि पाइपात कोंडलेली ही हवा मागे फिरते आणि टर्बोच्या दाबणाऱ्या चाकावर आदळते. चाक तिला पुन्हा पुढे ढकलतं, ती पुन्हा मागे येते. सेकंदात हे अनेकदा घडतं. मला घाटात ऐकू आलेली फडफड हीच. याला कॉम्प्रेसर सर्ज म्हणतात. यात दोन नुकसानं होतात. एक, दांड्याला मागेपुढे धक्के बसतात आणि ते टर्बोच्या थ्रस्ट बेअरिंगवर येतात. दोन, चाकाचा वेग पडतो, म्हणून गिअर टाकून पुन्हा दाबलं की दाब तयार व्हायला वेळ लागतो.

एकदा फडफड झाली म्हणून टर्बो मरत नाही. कमी दाबावर चालणाऱ्या कितीतरी जुन्या टर्बो गाड्या या व्हॉल्व्हशिवायच यायच्या. घाबरू नका. पण रोजच्या रहदारीत तुम्ही दिवसाला शेकडो वेळा पाय उचलता, आणि बेअरिंगवर त्यातला प्रत्येक धक्का जमा होत जातो. शिवाय आजच्या गाड्यांत दाबही जास्त असतो.

ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह या कोंडलेल्या हवेला बाजूचा दरवाजा उघडून देतो. तो टर्बो आणि थ्रॉटलच्या मधल्या पाइपावर, किंवा काही गाड्यांत थेट टर्बोच्या अंगावर असतो. आत एक डायफ्राम (लवचिक पडदा) किंवा पिस्टन असतो आणि त्याला खाली दाबून धरणारी स्प्रिंग. खालच्या बाजूला पाइपातली दाबलेली हवा. वरच्या बाजूला एक बारीक नळी येते, ती थेट इनटेक मॅनिफोल्डमधून, म्हणजे थ्रॉटलच्या पलीकडून. सगळी गंमत या नळीत आहे.

तुम्ही ॲक्सिलरेटर दाबून ठेवलाय तेव्हा थ्रॉटल उघडा असतो. पाइपात जो दाब, जवळपास तोच मॅनिफोल्डमध्ये. म्हणून व्हॉल्व्हच्या वर आणि खाली दाब सारखाच, आणि स्प्रिंग त्याला बंद ठेवते. पाय उचलला की थ्रॉटल बंद होतो, पण इंजिन फिरतच असतं आणि मॅनिफोल्डमधली उरलेली हवा ओढून घेतं. तिथे व्हॅक्यूम तयार होतो. आता व्हॉल्व्हला वरून व्हॅक्यूम खेचतो आणि खालून दाब ढकलतो. स्प्रिंग हरते, व्हॉल्व्ह उघडतो, हवा बाजूने निघून जाते. पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला की दोन्हीकडचा दाब सारखा होतो आणि व्हॉल्व्ह मिटतो.

माझ्या गाडीला काय झालं होतं ते आता लक्षात येईल. नळी फाटली होती. पाय उचलला तरी पुरेसा व्हॅक्यूम वर पोचत नव्हता, म्हणून फडफड. ॲक्सिलरेटर दाबला की वरून येणारा दाब फटीतून गळायचा आणि खालचा दाब व्हॉल्व्हला थोडा उचलून हवा सोडून द्यायचा, म्हणून पिकअप बसला. आयडलला त्याच फटीतून मॅनिफोल्ड बाहेरची हवा ओढायचा, म्हणून आयडल हलायचा. तीन वेगळ्या तक्रारी, मूळ एकच.

२. तुमच्या गाडीत कोणत्या जातीचा आहे ते ठरवा

पहिला प्रश्न: गाडी डीझेल आहे का? मग हा लेख तुमच्यासाठी नाही, आणि हा व्हॉल्व्हही नाही. डीझेल इंजिनात वेग इंधन कमी-जास्त करून सांभाळला जातो. नव्या डीझेल गाड्यांत इनटेकला एक झडप असते, पण तिचं काम वेगळं, पाय उचलला की ती हवा कोंडत नाही. डीझेल गाडीत "ब्लो-ऑफ बसवून देतो" असं कुणी म्हणालं तर तो वीजेच्या स्विचने दाब सोडून देणारा आवाजाचा डबा विकतो आहे. इंदुरात डीझेल एसयूव्ही पुष्कळ आहेत आणि हे किट त्यांनाच जास्त विकलं जातं. घेऊ नका.

दुसरा प्रश्न: सोडलेली हवा जाते कुठे? कंपनीच्या बहुतेक गाड्यांत ती टर्बोच्या आधीच्या पाइपात परत जाते. त्याला बायपास, रिसर्क्युलेशन किंवा डायव्हर्टर व्हॉल्व्ह म्हणतात. आवाज जवळपास नसतो. बाजारात मिळणारा "फिश्श" करणारा व्हॉल्व्ह हवा बाहेर सोडतो.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि दुकानदार तोच विचारत नाहीत: इंजिन हवा मोजतं कसं? दोन पद्धती आहेत. एक, एमएएफ सेन्सर. तो एअर फिल्टरनंतर लगेच, टर्बोच्या आधी बसतो आणि आत गेलेली प्रत्येक ग्रॅम हवा मोजतो. दोन, एमएपी सेन्सर. तो मॅनिफोल्डमधला दाब बघून हवेचा हिशेब लावतो.

एमएएफ असलेल्या गाडीत हवा बाहेर सोडली तर इंजिनचा कॉम्प्युटर फसतो. त्याच्या वहीत हवा आत गेलेली आहे, तेवढं पेट्रोल तो सोडतो, आणि हवा तर बॉनेटखाली उडून गेली. मिश्रणात पेट्रोल जास्त होतं. काळा धूर, काळे प्लग, सिग्नलला गाडी बंद. हे मी अनुभवलं. दीर्घकाळ चाललं तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (धूर स्वच्छ करणारा भाग) त्रास होतो, आणि तो भाग या व्हॉल्व्हच्या कितीतरी पट महाग आहे. म्हणून एमएएफ असेल तर हवा आत परत जाणाराच व्हॉल्व्ह वापरा. फक्त एमएपीवर चालणारी गाडी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह बऱ्यापैकी सहन करते, पण तिथेही मी कंपनीचाच ठेवीन.

ओळखायचं कसं? एअर फिल्टरचा डबा बघा. त्याच्या तोंडाशी, टर्बोकडे जाणाऱ्या पाइपावर वायर जोडलेला सेन्सर असेल तर तो बहुधा एमएएफ. ओबीडी स्कॅनरमध्ये (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि कोड दाखवणारं यंत्र) हवेचा प्रवाह ग्रॅम प्रति सेकंदात दिसतो का ते बघा, पण एवढ्यावर विसंबू नका, काही गाड्या तो आकडा हिशेबाने काढून दाखवतात. सर्व्हिस मॅन्युअल किंवा भागांची यादी बघून खात्री करा.

चौथी गोष्ट: काही गाड्यांत व्हॉल्व्हला बारीक नळीऐवजी वायर जोडलेली असते. तो सोलेनॉइडवर, म्हणजे वीजेच्या चुंबकावर चालतो आणि कॉम्प्युटर त्याला उघडतो. काही नव्या लहान इंजिनांत तर कंपनीने हा व्हॉल्व्ह ठेवलेलाच नाही. तिथे थ्रॉटल आणि वीजेवर चालणारा वेस्टगेट मिळून काम भागवतात. आधी आहे की नाही ते बघा, उगाच शोधत बसू नका.

नावांचा गोंधळही इथेच मिटवू. वेस्टगेट हा वेगळा भाग आहे. तो गरम वायूच्या बाजूला असतो आणि टर्बोने किती दाब द्यायचा ते ठरवतो. पॉप-ऑफ हे नाव काही मिस्त्री ब्लो-ऑफसाठी वापरतात. शर्यतीतला पॉप-ऑफ मात्र दाबाला मर्यादा घालायला होता. फॉर्म्युला वनमध्ये १९८७ ला त्याने ४ बारची आणि १९८८ ला २.५ बारची मर्यादा घातली, आणि १९८९ ते २०१३ तिथे टर्बोवरच बंदी होती. तुमच्या गाडीतला ब्लो-ऑफ ही मर्यादा घालत नाही. तो फक्त पाय उचलल्यावरची हवा सोडतो.

३. सामान आणि कागद गोळा करा

तपासणीला लागणारं सामान: १० नंबरचा पाना, स्क्रू ड्रायव्हर, लांब नाकाची पक्कड, टॉर्च, मेडिकलच्या दुकानातली ६० मिलीची सिरिंज, फवाऱ्याच्या बाटलीत साबणाचं पाणी, आणि मोबाइलला ब्लूटूथने जोडणारा ओबीडी स्कॅनर. व्हॅक्यूमचा हातपंप कुणाकडे मिळाला तर फारच उत्तम. सुट्या भागांत: मोजून घेतलेली सिलिकॉनची व्हॅक्यूम नळी, नवीन क्लॅम्प, व्हॉल्व्हची ओ-रिंग किंवा गॅस्केट. नळी घेताना जुन्या नळीचा तुकडा दुकानात घेऊन जा. आतला व्यास एक मिलिमीटरने मोठा आला तरी ती निप्पलवरून (नळी चढवायचं बारीक तोंड) सुटते.

कागदांत आरसी, विमा पॉलिसी, पीयूसी आणि वॉरंटीचं पुस्तक. गाडी वॉरंटीत असेल तर पाना हातात घेण्याआधी ते पुस्तक वाचा.

४. तपासणी करा, याच क्रमाने

इंजिन पूर्ण थंड असू द्या. टर्बो आणि त्याच्या आसपासचे पाइप भाजतात, मे महिन्यात तर तासाभरानेही हात लावू नका.

पहिली पायरी नळी. इंटरकूलरकडून थ्रॉटलकडे जाणारा जाड पाइप शोधा, त्यावर व्हॉल्व्ह दिसेल, आणि त्याच्या डोक्यावर बारीक नळी. ती दोन्ही टोकांना हळूच हलवा. ढिली आहे का? काढून बोटाभोवती वाकवा, टोकांकडे विशेष बघा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, त्यात बॉनेटखालची उष्णता. रबर कडक होतं आणि टोकाशीच चिरतं. सरळ ठेवलेल्या नळीत चीर दिसत नाही, ती वाकवावीच लागते. मी दोन महिने ही नळी रोज बघत होतो आणि मला ती चांगली वाटत होती.

दुसरी पायरी बोटाची. व्हॉल्व्ह काढा. तो कसा बसला होता त्याचा आधी फोटो घ्या. डायफ्राम किंवा पिस्टन खालून बोटाने आत ढकला, स्प्रिंगचा जोर जाणवेल. आत ढकललेलाच ठेवून वरच्या निप्पलवर दुसऱ्या हाताचा अंगठा घट्ट दाबा, आणि आता खालचं बोट सोडा. डायफ्राम चांगला असेल तर तो आतच अडकून राहील, अंगठा काढला की झटकन परत येईल. बोट सोडताच परत आला तर आत हवा गळते आहे, म्हणजे डायफ्राम फाटला आहे. पिस्टनच्या व्हॉल्व्हमध्ये थोडी गळती नैसर्गिक असू शकते, तिथे तो अडकत अडकत सरकतो का ते बघा. तेलाच्या वाफेत धूळ चिकटून पिस्टन जड होतो. तो साफ करून, उत्पादकाने सांगितलेलं ग्रीस लावून बऱ्याचदा पुन्हा चालतो.

तिसरी पायरी सिरिंजची. निप्पलला नळीचा तुकडा लावून सिरिंज जोडा आणि दांडा ओढा. व्हॉल्व्ह उघडताना दिसला पाहिजे. ओढलेला दांडा अर्धा मिनिट धरून सोडा. तो जोराने परत ओढला गेला तर व्हॅक्यूम टिकला होता. ढिला पडून तिथेच राहिला तर गळती आहे. स्प्रिंग कडक असेल तर सिरिंज कमी पडते, अशा वेळी हातपंप लागतो.

सोलेनॉइडचा व्हॉल्व्ह असेल तर ही तपासणी लागू होत नाही. तिथे स्कॅनरवर कोड बघा. पी००३३, पी००३४, पी००३५ हे या व्हॉल्व्हच्या वीजेच्या सर्किटचे कोड आहेत. आधी सॉकेटच्या पिना आणि वायर बघा, मगच व्हॉल्व्हला दोष द्या.

चौथी पायरी स्कॅनर. पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी. हा कोड आला की अनेक ठिकाणी थेट टर्बो बदलायला सांगतात. थांबा. फाटलेला डायफ्राम, सुटलेला पाइप, ढिला क्लॅम्प, चिरलेला इंटरकूलर यांतल्या कशानेही तो येतो, आणि यातलं बहुतेक टर्बोपेक्षा फार स्वस्त आहे.

स्कॅनर बघताना इंदूरकरांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. चावी चालू, इंजिन बंद ठेवून एमएपी बघितला तर इंटरनेटवर सगळीकडे लिहिलेला १०१ किलोपास्कल दिसणार नाही, ९५ च्या आसपास दिसेल. सेन्सर बिघडलेला नाही, आपली हवाच तेवढी आहे. तसंच व्हॅक्यूम गेजचं. समुद्रकाठी आयडलला २० इंच (पाऱ्याचे) दाखवणारं इंजिन आपल्याकडे १८ इंच दाखवतं. हे माहीत नसलं की माणूस नसलेली गळती शोधत फिरतो.

पाचवी पायरी, वरच्यांतून काही सापडलं नाही तरच, गळतीची. गॅरेजमध्ये धूर सोडून करतात ती स्मोक टेस्ट करून घ्या. घरी टर्बोचं तोंड बंद करून पंपाने दाब देणारे लोक आहेत, पण ती हवा ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर नेणाऱ्या) पाइपातून इंजिनाच्या पोटात शिरते आणि सील फुगवू शकते. पहिल्यांदा करताय तर स्वतः करू नका. गॅरेजमध्ये मात्र शेजारी उभे राहा आणि धूर कुठून निघतो ते डोळ्यांनी बघा. संशयित जोडावर साबणाचं पाणी मारलं की बारीक गळतीही बुडबुड्यांनी सापडते.

५. बदलायचाच असेल तर काय घ्यावं

डायफ्राम फाटला असेल तर कंपनीचा किंवा मूळ भाग बनवणाऱ्याचा, त्याच नंबरचा व्हॉल्व्ह घ्या. नवीन माणसासाठी माझा सल्ला एवढाच आहे. दाब वाढवलेल्या, ट्यून केलेल्या गाडीला मजबूत पिस्टनचा व्हॉल्व्ह लागू शकतो, पण ते ट्यूनिंग करणाऱ्याने ठरवावं.

बाहेरचा व्हॉल्व्ह घेतलाच तर स्प्रिंगबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. "दाब जास्त, म्हणून कडक स्प्रिंग टाका." वर सांगितलेलं आठवा. दाब असताना व्हॉल्व्हच्या वर आणि खाली जवळपास सारखाच दाब असतो, स्प्रिंगला सगळा दाब एकटीने अडवायचा नसतो. स्प्रिंग निवडायची ती आयडलच्या व्हॅक्यूमवरून. व्हॅक्यूम जास्त तर स्प्रिंग कडक, कमी तर मऊ. इथे आपली उंची पुन्हा आडवी येते. समुद्रकाठच्या आकड्यांवरून निवडलेली स्प्रिंग आपल्याकडे कडक ठरू शकते. म्हणून आपल्या गाडीचा व्हॅक्यूम आपल्या गावात मोजा, आणि उत्पादकाच्या तक्त्यात तो आकडा बघा.

कडक पडली तर हलक्या पायाने चालवताना व्हॉल्व्ह उघडतच नाही आणि फडफड चालू राहते. मऊ पडली तर आयडललाही तो उघडा राहतो. हवा आत परत नेणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये यामुळे फारसं बिघडत नाही. पण हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह आयडलला उघडा राहिला तर त्याच तोंडातून बाहेरची हवा आत जाते. न मोजलेली, आणि फिल्टर न झालेली. मे महिन्यात बायपास रस्त्याच्या कडेला किती धूळ उडते ते आठवा. ती सिलिंडरमध्ये नको.

नामांकित व्हॉल्व्हची हुबेहूब नक्कल बाजारात स्वस्तात मिळते. बॉक्सवरून कळत नाही. हातात घेऊन पिस्टन सरकवून बघा, ओ-रिंग खाचेत नीट बसते का बघा, फ्लँज (बोल्टने बसणारी सपाट कड) काचेवर उलटा ठेवून डुगडुगतो का ते बघा. डुगडुगला तर तो कधीच सील होणार नाही.

६. बसवताना

जुनी गॅस्केट पूर्ण खरवडून काढा, पण तिचा एकही कण पाइपात पडू देऊ नका. तोंडात स्वच्छ फडकं कोंबून मग खरवडा, आणि फडकं काढायला विसरू नका. ते आत राहिलं तर थेट थ्रॉटलकडे जातं. मी फडक्याला लांब दोरा बांधून तो बाहेर लोंबता ठेवतो.

बोल्ट प्लास्टिकच्या किंवा ॲल्युमिनियमच्या घरात बसतात. आधी सगळे हाताने फिरवा, मग पान्याने थोडेथोडे, आळीपाळीने. जोर लावून आटे गेले तर अख्खा पाइप बदलावा लागतो. दिशा बघा, दाबाची बाजू कोणती आणि परतीची कोणती. फोटो इथे कामाला येतो.

बारीक नळी मॅनिफोल्डवरच्या मूळ निप्पललाच लावा. थ्रॉटलच्या अलीकडच्या पाइपाला लावली तर तिथे व्हॅक्यूम तयारच होत नाही आणि व्हॉल्व्ह उघडत नाही. माझ्या गाडीत नऊ हजारांचा व्हॉल्व्ह बसवणाऱ्याने ती नळी मध्ये टी (तीन तोंडांचा जोड) लावून दुसऱ्याच एका नळीत जोडली होती. एका नळीवर चार कामं लादली की व्हॅक्यूम सगळीकडे उशिरा पोचतो. व्हॉल्व्हला त्याची स्वतःची नळी द्या, शक्य तेवढी आखूड, आणि गरम भागापासून दूर.

७. बसवल्यावर चालवून बघा

गाडी सुरू करून पाच मिनिटं आयडलला ठेवा. स्थिर आहे का? आता बॉनेट उघडं ठेवून कुणाला तरी हलकी रेस देऊन सोडायला सांगा आणि कान द्या. हातांनी व्हॉल्व्हच्या जवळ जाऊ नका, पंखा आणि बेल्ट शेजारीच असतो. उभ्या गाडीत टर्बो फारसा दाब देत नाही, त्यामुळे इथे आवाज आला नाही तर काळजी नको.

मग मोकळ्या रस्त्यावर, वेगाच्या मर्यादेत, तिसऱ्या गिअरमध्ये मध्यम दाबून पाय पूर्ण उचला. फडफड नसावी, धक्का नसावा. पुन्हा दाबल्यावर खेच लगेच यावी. सोबत कुणाला बसवून स्कॅनरचा आकडा त्याला बघू द्या, चालवताना मोबाइलकडे बघू नका. पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक आहे, तो गाड्यांच्या चाचणीसाठीच बांधलेला आहे. आपला बायपास त्यासाठी नाही, तिथे दुचाकीवर घरी जाणारी माणसं असतात.

चेक इंजिनचा दिवा असेल तर कोड पुसण्याआधी लिहून ठेवा. पुसल्यावर शंभरेक किलोमीटर चालवून तोच कोड परत येतो का ते बघा.

८. वॉरंटी, विमा आणि कायदा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठाम केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ (४) प्रमाणे नियमात न बसणाऱ्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि प्रदूषणाच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९० (२) वेगळं लागतं, तिथे पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड आहे. त्याच जातीचा, त्याच नंबरचा व्हॉल्व्ह बसवणं म्हणजे दुरुस्ती, त्याला अडचण नाही. पक्कं बिल घ्या, त्यावर भागाचा नंबर लिहून घ्या. हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह बसवायचा विचार असेल तर आधी सर्व्हिस सेंटर आणि विमा कंपनी, दोघांनाही लेखी विचारा. तोंडी "चालतंय" हे दावा नाकारला गेल्यावर उपयोगी पडत नाही.

९. नंतरची देखभाल

पाचशे किलोमीटर झाल्यावर सगळे क्लॅम्प पुन्हा एकदा आवळून बघा, उष्णतेने ते थोडे बसतात. एअर फिल्टर वेळेवर बदला. इंटरकूलरच्या पाइपात थोडं तेल दिसणं सामान्य आहे, थेंब गळत असतील तर टर्बोचे सील दाखवून घ्या. इंजिन ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच वापरा. टर्बोच्या बेअरिंगला तेच वाचवतं, व्हॉल्व्ह कितीही चांगला असला तरी.

माझ्या गाडीत आज कंपनीचा जुनाच व्हॉल्व्ह आहे, चाचांनी नळी बदलून परत बसवलेला. मी नळी दर दोन वर्षांनी, होळीच्या आसपास, ऊन तापायच्या आत बदलतो. तारीख मार्करने स्टिकरवर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे, आणि जुन्या नळीचा एक तुकडा मापासाठी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला आहे.